एकापासून नवापर्यंत आणि परत

मे महिन्यातली दुपार होती. भाची सई नाशिकहून सुट्टीला आमच्याकडे डोंबिवलीला आली होती आणि माझा ऑफिसचा कॅल्क्युलेटर घेऊन दिवाणावर पालथी पडली होती. ती आता आठवीत जाणार. मी वीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. व्हाउचर, लेजर, बँकेची जुळवाजुळव हाच माझा दिवस. त्यामुळे घरात भातुकलीपेक्षा कॅल्क्युलेटर आधी सापडतो, आणि आमच्याकडे येणारी सगळी मुलं त्यावर एकदा तरी खेळून जातात.

सईनं ११ ला ११ नं गुणलं. १२१ आले. मग १११ ला १११ नं गुणलं, तर १२३२१. मग चार एक, पाच एक. उत्तर दर वेळी एकाहून सुरू व्हायचं, चढत जायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं. सहा एक घेतल्यावर १२३४५६५४३२१ आलं. सात एक घेतले आणि पडद्यावर एका कोपऱ्यात ‘ई’ उमटला.

“मावशी, बिघडला का गं हा?”

“बिघडला नाही. त्याच्याकडे बाराच घरं आहेत. तुझ्या उत्तराला तेरा लागतात.”

“मग नऊ एक घेतले तर?”

“सतरा घरं लागतील. कागदावर कर.”

मोबाइलवर क्षणात मिळालं असतं हे तिलाही माहीत होतं. पण का कोण जाणे, ती उठली आणि चौकटींची वही घेऊन आली.

नऊ एकांना नऊ एकांनी गुणायचं म्हणजे पाढा लागतच नाही. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. नऊ ओळी झाल्या की चौकटींवर एक तिरका पट्टा तयार होतो, वाऱ्यानं कललेल्या पडद्यासारखा. मग उभ्या रकान्यांत एक किती आहेत ते मोजायचं. उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात एकच एक. त्याच्या शेजारी दोन. मग तीन, चार. मधल्या रकान्यात नऊच्या नऊ ओळींचा एक-एक एक उभा असतो. तिथून पुढे वरच्या ओळी संपत जातात आणि मोजणी उतरू लागते. म्हणजे हे उत्तर गुणाकाराचं कमी आणि मोजणीचं जास्त. कुठे हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून मोजणी जशीच्या तशी अंक होऊन उतरते.

सईचं उत्तर आलं १२३३५६७८९८७६६४३२१.

तिला ते खटकलं, मलाही. चढताना तीन दोनदा आलेला आणि चार गायब. उतरताना सहा दोनदा आणि पाच गायब. मी तिला नवाचा ताळा दाखवला, म्हणजे अंकांची बेरीज करून नवानं भागल्यावर उरणारी बाकी जुळते का ते पाहायचं. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणजे बाकी शून्य. शून्य गुणिले शून्य, शून्य. आता उत्तरातल्या अंकांची बेरीज कर. तिनं केली, ८१ आली. त्याचीही बाकी शून्य. ताळा जुळला.

“जुळला की! मग बरोबर असणार,” ती म्हणाली.

इथे मी थांबले, कारण हा प्रसंग मला दर मार्चअखेर भेटतो. तेरीज, म्हणजे नावे आणि जमा बाजूंचा मेळ घालणारा तक्ता, जुळत नाही आणि फरकाला नवानं पूर्ण भाग जातो, तेव्हा आम्ही अकाउंट्सवाले दोन गोष्टी शोधतो. एक तर कुणी दोन अंकांची अदलाबदल केली आहे, ६३ चे ३६ केलेत. नाहीतर कुणी रक्कम एक घर सरकवून लिहिली आहे, ५०० चे ५० झालेत. दोन्ही चुकांत अंक तेच राहतात, फक्त जागा बदलतात. आणि नवाच्या ताळ्याला जागा दिसतच नाही, अंक तेवढे दिसतात. म्हणून सरकलेली ओळ या ताळ्यातून सहीसलामत सुटते.

तिथे अकराचा ताळा लागतो. त्यात एकाआड एक अंक मिळवायचे आणि वजा करायचे, त्यामुळे घर बदललं की चिन्ह बदलतं. नऊ एकांचा अकराचा ताळा १ येतो, त्याचा वर्गही १. सईच्या उत्तरात विषम घरांतल्या अंकांची बेरीज ४२, सम घरांतल्यांची ३९. फरक ३. चोर सापडला. वहीत वरून मोजत गेलो तर सहावी ओळ पाचव्या ओळीच्या अगदी खाली लिहिली होती, एक घर सरकवायची राहिली होती. तिनं ती ओळ खोडून पुन्हा लिहिली, दोन रकाने पुन्हा मोजले आणि खाली लिहिलं:

१२३४५६७८९८७६५४३२१

मी ही संख्या पूर्वी अनेकदा पाहिली आहे. पण नऊ तिरक्या ओळींतून ती अशी रकाना-रकान्यानं खाली येताना पाहिली ती त्या दिवशीच.

अर्थातच सईला दहा एक घेऊन बघायचं होतं. दहाव्या ओळीनं सगळं बदलतं. मधल्या रकान्यात दहा होतात, शून्य लिहून हातचा एक पुढे जातो. पुढच्या रकान्यात नऊ आधीच आहेत, तिथेही दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या रकान्यातल्या आठाचे नऊ होतात आणि हातचा तिथे जिरतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ नाहीसा झाला. दशमान पद्धतीत ही चढ-उतार नवापाशीच थांबते, आणि आपली संख्या हे त्या घराण्यातलं शेवटचं धड चालणारं अपत्य आहे. नाहीसा झालेला आठ पुढे पुन्हा भेटणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

मग वाचून दाखवायची वेळ आली. सईनं उजवीकडून घरं मोजली आणि एक लांब श्वास घेऊन वाचलं: एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. बरोबर होतं. पण ‘कोटी’ दोनदा म्हणावं लागल्यानं ती खट्टू झाली. तिच्या मते एवढ्या डौलदार संख्येला असं अडखळत वाचणं शोभत नाही.

तिचं म्हणणं मला पटलं आणि मी भास्कराचार्यांकडे गेले. ११५० मधल्या त्यांच्या ‘लीलावती’त सुरुवातीलाच दसपटीनं वाढत जाणाऱ्या स्थानांची अठरा नावं दिली आहेत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. प्रत्येक घराला स्वतःचं नाव, कुणाचं उसनं नाही. आपल्या संख्येला सतरा घरं आहेत, म्हणजे तिची सुरुवात ‘मध्य’पाशी होते आणि परार्धाच्या एक पायरी खाली ती उभी राहते. आम्ही दोघींनी ती मोठ्यानं म्हटली: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. नऊ अर्बुदांवर आवाज वर जातो आणि मग आपोआप उतरतो. सईनं ती चार-पाच वेळा म्हटली, आरती म्हणावी तशी.

भास्कराचार्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं सांगितलं आहे. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सतरा घरांची ही नावं आपल्याच डोंगरांच्या बाजूची आहेत हे मी सईला सांगितलं.

त्याहून जुना एक धागा आहे आणि तो मला फार आवडतो. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. गळ्यातल्या माळेसारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी उत्तरं येतील असे गुणाकार त्यांनी मुद्दाम रचले आणि त्यांना कंठ्यांची उपमा दिली. त्यातला एक गुणाकार म्हणजे २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि तशीच उतरणारी ती संख्या म्हणजे सहा एकांचा वर्ग. माझ्या कॅल्क्युलेटरनं हात टेकण्याआधी जी शेवटची संख्या दाखवली, तीच. अकराशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्याकडे पाहून गळ्यातला दागिना म्हटलं होतं.

आता डोंबिवली.

आमच्या स्टेशनवरून रोज लाखो माणसं जातात-येतात आणि मीही त्यांतलीच. याच स्टेशनाच्या नावावर गणितात एक संख्याकुळ आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते. द. रा. कापरेकर, म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, यांनी या संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. जी. आय. पी. रेल्वेवरचं, म्हणजे आताच्या मध्य रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं डेम्लो स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. त्या स्टेशनात त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचंच नाव दिलं.

कल्पना अशी. संख्येचे तीन तुकडे करायचे. मधल्या तुकड्यात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा तुकडा मिळवला की बेरजेत सगळीकडे तोच मधला अंक यायला हवा. आपली संख्या घ्या: डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज ९९९९९९९९. सगळे नऊच. १, १२१, १२३२१ अशी जी चढ-उतार करणारी मालिका आहे, तिला कापरेकर अद्भुत डेम्लो संख्या म्हणत. आपली संख्या त्या मालिकेतली नववी.

कापरेकरांचं चरित्र थोडक्यात सांगण्यासारखं नाही, तरी सांगते. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूला. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळवलं. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. विद्यापीठात जागा नव्हती, पुढची पदवी नव्हती. छोट्या पुस्तिका लिहून स्वतःच छापायचे. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा जगाला नाव कळलं. निवृत्तीला तोवर तेरा वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले.

त्यांची ६१७४ बहुतेकांना ठाऊक असते. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत, उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा, पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, आणि पुढे कायम ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथे पोचते. ही गोष्ट सुंदर आहेच, पण तिच्या झगमगाटात त्यांची बाकीची कुळं झाकली जातात असं मला वाटतं. म्हणून मी आणि सईनं ठरवलं की या एका सतरा घरांच्या संख्येला कापरेकरांच्या एकेका दारात उभं करायचं आणि आत घेतात का ते पाहायचं.

पहिलं दार हर्षद संख्यांचं. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. पुढे अमेरिकेतल्या इव्हान निव्हेन यांच्या १९७७ मधल्या भाषणावरून याच संख्यांना निव्हेन संख्या हेही नाव पडलं. मी हर्षदच म्हणते. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, हे आपण ताळ्यात पाहिलंच. ८१ नं भाग जातो का? सईनं सरळ भागाकार मांडला, मी तिला आडवाट दाखवली. ८१ म्हणजे नवाचा वर्ग. मग वर्गाला भागण्यापेक्षा मुळालाच नवानं भागू. १११११११११ भागिले ९ बरोबर १२३४५६७९.

“आठ कुठे गेला?” सई ओरडली. तो हाच, मघाचा हरवलेला आठ. तिथे हातच्यानं त्याचा नऊ केला होता, इथेही भागाकाराच्या पोटात तेच घडलं आहे. तर आपली संख्या भागिले तिच्या अंकांची बेरीज म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग, १५२४१५७८९९७१०४१. बाकी उरत नाही. हर्षदच्या दारातून संख्या आत गेली.

दुसरं दार कापरेकर संख्यांचं. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करून मिळवायचे, आणि सुरुवातीची संख्या परत यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, २० अधिक २५ पुन्हा ४५. नऊ एकांचा वर्ग म्हणजे आपली संख्या. तिचे उजवीकडून नऊ अंक तोडले तर ९८७६५४३२१ आणि उरलेले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९. सुरुवातीची संख्या नऊ एकांची होती आणि परत आले नऊ नऊ. म्हणजे या दारातून नऊ एक परत फिरले. पण हाती आलेल्या नऊ नवांचा वर्ग करून पाहा: ९९९९९९९९८००००००००१. तुकडे ९९९९९९९९८ आणि १. बेरीज पुन्हा ९९९९९९९९९. आपल्याला प्रवेश मिळाला नाही, पण दारात ज्याची गाठ पडली तो त्या घरचाच निघाला.

बाकीच्या ओळखी गणितातल्या नेहमीच्या आहेत, त्या भराभर सांगते. विषम आहे. उलटसुलट सारखी वाचता येते. पूर्ण वर्ग आहे. तिचे तिच्याखेरीजचे सगळे विभाजक मिळवले तर बेरीज तिच्या निम्म्याहून थोडी पुढे जाऊन थांबते, म्हणून ती न्यून संख्यांत मोडते. विभाजक एकूण ४५. सईनं विचारलं, विषम कसे? विभाजक जोडीनं यायला हवेत ना? येतात जोडीनंच. पण पूर्ण वर्गात वर्गमूळाची जोडी स्वतःशीच लागते, म्हणून एक एकटा उरतो. हे तिला लगेच कळलं, मला तिच्या वयात कळलं नसतं.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही ती एका वेगळ्याच गोष्टीनं. नऊ एकांचे अवयव पाडले की ३ गुणिले ३ गुणिले ३७ गुणिले ३३३६६७ असे येतात. म्हणजे आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. अवयवांच्या यादीत ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही, असं लिहिलेलं असतं. पण मला स्वतः बघायचं होतं. तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे येतं. तिथपर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावं लागणार. रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातल्या टेबलावर १०६ भागाकार करायची माझी तयारी नव्हती.

तेव्हा एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. १ भागिले ३७ केलं तर ०.०२७०२७०२७ असं तीन अंकांचं आवर्तन येतं, आणि ३७ वजा १ म्हणजे ३६ ला ३ नं पूर्ण भाग जातो. १ भागिले १३ चं आवर्तन सहा अंकांचं, १२ ला ६ नं भाग जातो. मूळ संख्येतून एक वजा केलं की आवर्तनाच्या लांबीनं तिला नेहमी पूर्ण भाग जातो. आता ३३३६६७ नं नऊ नवांना पूर्ण भाग जातो, भागाकार २९९७ येतो. म्हणून तिच्या पोटात एखादी छोटी मूळ संख्या लपली असेल, तर तिचं आवर्तन एक, तीन किंवा नऊ अंकांचंच असणार. एक आणि तीन अंकांचं आवर्तन देणाऱ्या ३ आणि ३७ यांनी भाग जात नाही हे दोन मिनिटांत दिसतं. मग उरतं नऊ अंकांचं. म्हणजे त्या मूळ संख्येतून एक वजा केलं तर ९ नं भाग जायला हवा, आणि ती विषम असल्यानं २ नंही. एकूण १८ नं.

१०६ पैकी उरल्या सतरा. १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. सदतीसचं काम झालेलंच होतं. बाकीचे भागाकार मी एकेक करून केले. शेवटचा ५७७ चा. भागाकार ५७८, बाकी १६१. कशानंच भाग गेला नाही. पावणेएक झाला होता. फ्रीजचा आवाज तेवढा चालू होता. ३३३६६७ मूळ आहे हे आता मला कुणी सांगितलं म्हणून माहीत नव्हतं.

सकाळी चहाबरोबर सईला आणखी एक दिलं. अवयवांतल्या ३७ मध्ये एक गुण आहे: तिचा वर्ग दोन वर्गांची बेरीज होतो, ३५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग. १२२५ अधिक १४४ बरोबर १३६९. नऊ एक म्हणजे ३७ गुणिले ३००३००३. म्हणून ३५ ला आणि १२ ला ३००३००३ नं गुणलं की आपली संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून समोर येते: १०५१०५१०५ चा वर्ग अधिक ३६०३६०३६ चा वर्ग. एक काटकोन त्रिकोण, ज्याचा कर्ण नऊ एकांचा आणि बाजू अशा तालात मोजलेल्या. सईनं चहा गार होऊ दिला.

शेवटचं दार राहिलं होतं, स्वयंभू संख्यांचं. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. २१ घेतले तर २१ अधिक २ अधिक १, झाले २४. म्हणजे २४ ला जन्म दिला २१ नं. पण २० कडे कुठलीच संख्या अशी येत नाही. १० पासून ११ होतात, ११ पासून १३, १५ पासून २१. २० ला आईच नाही. अशा बिनआईच्या संख्यांना मराठीत स्वयंभू म्हणतात. १९६३ मध्ये कापरेकरांनी त्या मांडल्या आणि आपल्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असंही नाव मिळालं. पुढे परदेशात याच संख्यांना कोलंबियन संख्या म्हणू लागले, पण नाशिकच्या मुलीसमोर ते नाव घ्यायचं माझ्या मनात आलं नाही.

आपली संख्या स्वयंभू आहे का? सतरा घरांच्या संख्येची आई शोधायची म्हणजे जिवावर येतं, पण पुन्हा नऊ मदतीला येतो. संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवानं भागल्यावर बाकी एकच येते. म्हणून आई अधिक तिचे अंक ही बेरीज नवाच्या पटीत असेल, तर आईसुद्धा नवाच्या पटीत असते आणि तिच्या अंकांची बेरीजही. सतरा घरांत ती बेरीज जास्तीत जास्त १५३. म्हणजे ९, १८, २७ अशा सतराच शक्यता. एकेक वजा करून बघायची. सईनं ८१ वजा केले तर १२३४५६७८९८७६५४२४० आले. त्याच्या अंकांची बेरीज केली: ८१. मिळाली आई. बाकीच्या सोळा शक्यता तपासल्या, एकही जुळली नाही. म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही, पण तिला आई एकच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी सईला नाशिकला सोडायला निघाले. कल्याणहून गाडी पकडली. कसाऱ्याच्या घाटात बोगदे सुरू झाले तेव्हा तिनं वही काढली. मी म्हटलं, बोगद्यात कशाला, डोळे दुखतील. तिला मात्र त्या आईची आई शोधायची होती.

इगतपुरीला गाडी बराच वेळ उभी राहिली. बाहेर पावसाचं वातावरण, हवा एकदम गार. तिनं मांडीवर वही ठेवून सतरा ओळी आखल्या. ९ वजा केले, शेवटचे तीन अंक २३१, अंकांची बेरीज ८१, हवी होती ९. चूक. १८ वजा केले, २२२, बेरीज ८१. चूक. पहिले चौदा अंक बदलत नाहीत, त्यांची बेरीज ७५ हे तिनं पानाच्या वर लिहून ठेवलं होतं, म्हणून हात भराभर चालत होता. घोटी गेलं, अस्वली गेलं. ८१ वजा केले तेव्हा १५९ आले, बेरीज ९०. लगेच ९० वजा केले तर १५०, बेरीज ८१. ८१ ला ९० येतात आणि ९० ला ८१. ती हळहळली. “मावशी, किती जवळून चुकली बघ.” मग पुढच्या ओळी. १४४ ला ९०. १५३ ला ९०. सतराही ओळींपुढे फुल्या.

“हिला आईच नाहीये,” ती म्हणाली.

“पुन्हा बघ. एखादी वजाबाकी चुकली असेल.”

तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, या वेळी मोठ्यानं, आणि मी बोटांवर अंक धरत गेले. लहवित मागे पडलं. सतराव्या ओळीला गाडीचा वेग कमी झाला, ब्रेक लागले, आणि खिडकीत पिवळी पाटी येऊन थांबली. देवळाली.

सई पाटीकडे बघत राहिली. मग वहीकडे, मग पुन्हा पाटीकडे.

“मावशी, आपली संख्या डोंबिवलीची ना?”

“हो.”

“आणि तिची आई इथली.”

खाली काही माणसं उतरत होती, एक बाई भाजीची टोपली वर चढवत होती. सईनं १२३४५६७८९८७६५४२४० च्या भोवती पेन्सिलीनं एक चौकट काढली आणि चौकटीशेजारी स्टेशनाचं नाव लिहिलं. गाडी सुटेपर्यंत ते लिहून झालं होतं.